बिलावरून भेट ओळखताना

अमेरिकेत डॉक्टरने रुग्ण तपासला की त्या तपासणीचा एक क्लेम, म्हणजे पैशांची मागणी करणारं बिल, विमा कंपनीकडे किंवा मेडिकेअरकडे जातो. मेडिकेअर म्हणजे तिथली मुख्यतः पासष्टीपुढच्या लोकांसाठीची सरकारी विमा योजना. आपल्या पुण्यातही अनेक तरुण हेच क्लेम भरायचं आणि कोड तपासायचं काम करतात, त्यामुळे हा विषय वाटतो तितका परका नाही. या साठलेल्या क्लेममधून टेलिमेडिसिनच्या (टेलिहेल्थच्या), म्हणजे व्हिडिओ किंवा फोनवरून झालेल्या भेटी शोधून काढणं हे आता संशोधनाचं मोठं क्षेत्र झालं आहे. माझं म्हणणं असं की, क्लेम पैसे मिळवण्यासाठी भरलेला असतो. पैसे कोणत्या नियमाने मिळत होते हे ठाऊक नसेल, तर त्यातून काढलेला आकडा सहज चुकीचा निघतो.

समजा, रक्तदाबाचा जुना रुग्ण आहे, नेहमीची तपासणी आहे. क्लेमवर त्या सेवेचा कोड 99213. समोरासमोर भेट असो वा व्हिडिओवर, कोड हाच. फरक कळतो तो शेजारच्या दोन छोट्या खुणांवरून: एक मॉडिफायर, म्हणजे कोडाला जोडलेली पूरक खूण, दुसरी सेवेचं ठिकाण सांगणारा दोन आकडी कोड. पूर्वी व्हिडिओ भेटीला जीटी हा मॉडिफायर लावत. 2017 मध्ये टेलिहेल्थसाठी 02 हा ठिकाणाचा कोड आला आणि 2018 पासून मेडिकेअरने डॉक्टरांच्या बहुतेक क्लेमवर जीटीची सक्ती काढली. नुसता जीटी मोजत बसणाऱ्याला वाटेल, टेलिमेडिसिन एकाएकी आटलं. प्रत्यक्षात आटली ती फक्त खूण.

मग 2020 साल उजाडलं. 02 लिहिलं तर डॉक्टरला रुग्णालयातल्या सेवेचा, म्हणजे बऱ्याचदा कमी दर मिळे. कोविडच्या साथीत दवाखाने तगावेत म्हणून मेडिकेअरने सांगितलं, भेट समोरासमोर झाली असती तर जे ठिकाण लिहिलं असतं तेच लिहा आणि 95 हा मॉडिफायर जोडा. म्हणजे रुग्ण घरी, कदाचित डॉक्टरही घरी, आणि क्लेमवर 11, अर्थात दवाखाना! अमेरिकी आरोग्य खात्याच्या अहवालानुसार मेडिकेअरच्या टेलिहेल्थ भेटी 2019 मध्ये सुमारे 8 लाख 40 हजार होत्या, त्या 2020 मध्ये 5 कोटी 27 लाखांवर गेल्या. केवळ 02 शोधणाऱ्याच्या हातून या लाटेचा मोठा भाग निसटला असता. रुग्णाच्या घरासाठी 10 हा वेगळा कोड 2022 मध्ये आला.

साथीआधीचा आणखी एक प्रकार मला फार बोलका वाटतो. तेव्हा मेडिकेअरच्या रुग्णाला भेटीसाठी सहसा ग्रामीण भागातल्या मान्य दवाखान्यात जाऊन पडद्यासमोर बसावं लागे. दूरचा तज्ज्ञ आपला क्लेम पाठवी आणि खोली देणारा दवाखाना क्यू3014 या कोडाने वेगळा. भेट एक, क्लेम दोन. दोन्ही मोजले तर संख्या दुप्पट होते. जोडी जुळवली, तर रुग्ण कुठे बसला होता तेही कळतं. खोलीचं बिल कुणी पाठवलंच नाही, तर मात्र जोडी अपुरी राहते. 2004 मध्ये ग्रामीण मेडिकेअर रुग्णांच्या अशा 7,015 भेटी झाल्या आणि 2013 मध्ये 1,07,955, हे क्लेमवरूनच कळलं. धोरण ठरवताना अशा आकड्यांना पर्याय नाही, म्हणून तर ते नीट मोजले जावेत असं मला कळकळीने वाटतं.

कारण जे मोजलं जात नाही, त्याला पैसे मिळवून देणं अवघड जातं. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण फोनचं. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाइल नाही, इंटरनेट नाही किंवा वयामुळे पडदा झेपत नाही, ते साथीत डॉक्टरांशी फोनवर बोलले. साध्या फोन-सल्ल्याला 99441 ते 99443 असे स्वतंत्र कोड होते, म्हणून तो ओळखू येतो. पण 45 मिनिटांच्या मानसोपचाराचा 90834 हा कोड व्हिडिओला आणि फोनला सारखाच, आणि साथीच्या सुरुवातीला दोहोंना 95 लागे. नुसत्या आवाजाच्या भेटीसाठीचा 93 हा मॉडिफायर 2022 मध्ये आला. त्याआधीच्या मानसोपचार भेटींत कोण कॅमेऱ्यासमोर होतं आणि कोण कानाला फोन लावून, हे क्लेमवरून सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णांच्या नोंदीच उघडाव्या लागतात, निदान नमुन्यापुरत्या. ते काम वेळखाऊ आहे, महाग आहे, आणि फोनवर बोललेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते व्हायला हवं.