आजचे विद्यार्थी आणि आमचें मोजमाप
(ज्युबिलीच्या सायंकाळीं धर्मग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें गेले कांहीं महिने आम्ही घरोघरीं हिंडलों. वडील मंडळींशीं बोलतांना बहुतेक घरांत एकच तक्रार आमच्या कानीं आली. ती ही कीं, पूर्वींच्या विद्यार्थ्यांच्या अंगीं जी कुवत होती ती आजच्या मुलांत राहिली नाहीं. पूर्वीं व्हर्नाक्युलर फायनल झालेला मनुष्य मास्तर होत असे, आज पदवीधराला साधा अर्ज लिहितां येत नाहीं. आजच्या भाषणाला हा विषय आम्हीं मुद्दाम घेतला आहे. कारण ही तक्रार मुलांच्या देखत केली जाते, आणि जें मूल आपली नालायकी रोज ऐकतें तें अखेर ती खरी मानून बसतें.

तक्रार तशी नवी नाहीं. संत ऑगस्टीन हे धर्मगुरु होण्यापूर्वीं वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते. कार्थेज येथील विद्यार्थी वर्गांत घुसून धिंगाणा घालीत, म्हणून कंटाळून इ. स. ३८३ च्या सुमारास ते रोमला गेले. तेथें विद्यार्थी शांत होते खरे. पण शुल्क देण्याची वेळ आली कीं सारे संगनमत करून दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जात! ही हकीगत त्या महात्म्यानें आपल्या आत्मनिवेदनांत स्वतःच नमूद केली आहे. गत काळाची अशी थोरवी गाणाऱ्यांचे कान उपदेशक ग्रंथाच्या सातव्या अध्यायांतही टोचलेले आहेत.

तथापि तक्रार जुनी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. ती तपासून पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, आपण तुलना कोणाची कोणाशीं करतों? मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. ते अवघे चार होते. त्यांत न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर होते. अशा चाळणींतून उतरलेल्या दाण्यांशीं आज आपण सबंध रास ताडून पाहतों. १९५१ च्या शिरगणतींत या देशांत शेंकडा सुमारे १८ माणसें साक्षर होतीं. २०११ सालीं तें प्रमाण ७० च्या वर गेलें. दुसरी इयत्ता सोडून जो शेतावर किंवा होडीवर गेला, जिला शाळेचा उंबरठाही पाहतां आला नाहीं, अशांची गणना ‘पूर्वींच्या विद्यार्थ्यां’मध्यें आपण करीतच नाहीं. ते बिचारे आपल्या आठवणींतूनही गळले आहेत.

दुसरी गोष्ट मापाची. आमचे आजोबा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घडाघड म्हणत. सवा रुपयास मण तर अडीच मणांचे किती, असें विचारतांच ‘तीन रुपये दोन आणे’ हें उत्तर येई. हें कौतुकास्पद आहेच. पण रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, म्हणून तें पाठांतर पोट भरण्याचें साधन होतें. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, पुढें किलोग्राम आला, आणि औटकीचें काम संपलें. नातवाला औटकी येत नाहीं हा त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे.

बुद्धीचेंच म्हणाल तर न्यूझीलंडमधील प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनीं १९८४ व १९८७ सालीं अनेक देशांतील बुद्धिमापन कसोट्यांचे आकडे प्रसिद्ध केले. दर पिढीस गुण वाढतच गेले होते. कांहीं देशांत दर दहा वर्षांस सुमारे तीन गुण! पुढें नॉर्वेमध्यें ते घटूं लागल्याचें आढळलें. तेथील लष्करभरतीच्या कसोट्यांवरील अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ही घट एकाच घरच्या थोरल्या व धाकट्या भावांतही दिसली. अर्थात् दोष रक्ताचा नाहीं, भोंवतालच्या परिस्थितीचा आहे.

आतां तक्रारींत जें खरें आहे तेंही सांगितलें पाहिजे. ‘असर’ या पाहणीप्रमाणें २०१८ सालीं आपल्या देशाच्या खेड्यांतील पांचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीचें पुस्तक नीट वाचतां येत होतें. कोरोनाच्या सांथींत शाळा बंद राहिल्या आणि २०२२ सालीं हें प्रमाण शेंकडा सुमारे ४३ वर आलें. पण २०२४ सालीं तें पुन्हा ४९ च्या जवळ चढलें. दोन वर्षांत मुलांची कुवत बदलत नसते. बदलतें तें शिकविणें, आणि मुलाजवळ कोणी बसतें कीं नाहीं तें.

येथेंच आपली जबाबदारी येते. पूर्वीं सायंकाळीं सारें घर जपमाळेच्या प्रार्थनेला एकत्र बसे. भक्तीबरोबरच मन एका जागीं स्थिर ठेवण्याचा तो नित्याचा अभ्यास होता. आज मुलांचें चित्त मोबाईलनें उधळलें आहे, हें आम्हांसही दिसतें. परंतु तो यंत्राचा तुकडा त्यांच्या हातीं कोणीं दिला? आणि मूल पुस्तक घेऊन आलें असतां आपले डोळे कोठें असतात?

मत्तयकृत शुभवर्तमानांतील दाखला आठवा. एका सेवकाला पांच हजार मिळाले, दुसऱ्याला दोन. धनी परत आल्यावर दोघांची शाबासकी अगदीं सारखीच झाली. कोणाजवळ अधिक होतें हें धन्यानें विचारलें नाहीं. मिळालेल्याचें काय केलें एवढेंच पाहिलें. दंड झाला तो धन पुरून ठेवणाऱ्यास. मुलाला ‘तुझ्यांत कांहीं नाहीं’ असें म्हणणें म्हणजे त्याचें धन आपल्याच हातांनीं पुरणें होय.

म्हणून ज्युबिलीची एक भेट आम्ही आपल्याजवळ मागतों. येत्या सोमवारपासून चर्चचें सभागृह रोज सायंकाळीं सात ते साडेआठ मुलांच्या अभ्यासाकरितां उघडें राहील. दाराशीं एक टोपली असेल. मोबाईल तींत ठेवावे, आधीं मोठ्यांनीं आणि मग मुलांनीं. वडीलधाऱ्यांनीं आळीपाळीनें यावें आणि प्रत्येकानें एका मुलाचें वाचन पाव तास ऐकावें. ज्यांना स्वतः वाचतां येत नाहीं अशा आजीबाईंनीं तर अवश्य यावें. मुलानें त्यांना वाचून दाखवावें. औटकी येणाऱ्यांनीं ती शिकवावी, आणि मुलांना जें येतें तें त्यांच्याकडून शिकावें.

पुढील ज्युबिलीला आजचीं हीं मुलें वडीलधारीं होऊन याच बांकांवर बसतील. त्या दिवशीं त्यांनीं आपल्या मुलांविषयीं काय बोलावें, तें आज आपल्या तोंडून तीं शिकत आहेत. प्रभु येशू ख्रिस्त आणि त्याची पवित्र माता आपल्या घरांस व आपल्या लेंकरांस उदंड आशीर्वाद देवोत. आमेन.