शरीरात विरघळणारे धातू
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात गास येथे दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वाचून, असला विषय प्रयोगशाळेत शोभावा, वाडीत राबणाऱ्या माणसांपुढे तो कशाला, असे काहींना वाटले असेल. तथापि ह्या सभेत बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत कोणाच्या मांडीत रॉड, कोणाच्या मनगटात पट्टी, तर कोणाच्या घोट्यात स्क्रू आहे. कोणी माडावरून पडला, कोणी दुचाकीवरून घसरला. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

वाडीत केळीचा घड भरू लागला की आपण त्याला टेकू देतो आणि घड उतरविला की टेकू काढून घेतो. मोडलेल्या हाडाला दिलेला टेकू काढावयाचा तर मात्र पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. हाड सांधेपर्यंत भार सोसील आणि मग आपण होऊन नाहीसा होईल, असा टेकू धातूचा करता येईल काय? आजच्या विषयाचा गाभा हाच प्रश्न होय.

आधार तात्पुरता असावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजी सैन्याच्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्याच्या एका कुंभार शल्यवैद्याने कपाळाच्या त्वचेतून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत 1794 साली लंडनच्या एका मासिकात सचित्र प्रसिद्ध झाली. त्या पद्धतीत नवी त्वचा धरू लागल्यावर नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ फडक्याचे तुकडे घालीत. बांधणी शरीरानेच करावयाची. वैद्याने तिला तेवढ्यापुरता आकार द्यावयाचा, हे त्या कारागिराला पुरते ठाऊक होते.

आजच्या पट्ट्या व स्क्रू पोलादाचे किंवा टायटॅनियमचे असतात. ते न गंजता टिकतात, हा त्यांचा मोठाच गुण. परंतु पोलाद हाडापेक्षा सुमारे दहा पट ताठर असते आणि टायटॅनियमची मिश्रधातू पाच-सहा पट. सगळा भार धातूनेच उचलला म्हणजे शेजारच्या हाडाला काम उरत नाही, आणि ज्याला काम नाही ते हाड विरळ होऊ लागते. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडात राहिलेला धातू पुढे अडचणीचा होऊ शकतो, म्हणून तो बहुधा काढावा लागतो. दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे दुसरी भूल, दुसरा खर्च आणि कमावत्या माणसाची पुन्हा मोडलेली मजुरी.

ह्या अडचणीतून वाट काढणारा पहिला धातू म्हणजे मॅग्नेशियम. तो आपल्याला परका नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो सुमारे 1.3 ग्रॅम असतो, आणि मिठागरात मीठ धरल्यावर मागे राहणाऱ्या पाण्याला जो कडवटपणा असतो तो मुख्यतः त्याच्याच क्षारांचा. प्रौढ माणसाच्या शरीरात तो सुमारे 25 ग्रॅम असतो, त्यातला निम्म्याहून अधिक हाडांत. वजनाला तो हाडाइतकाच हलका आणि ताठरपणात हाडाच्या जेमतेम दुप्पट-अडीच पट.

दोष एवढाच की तो फार घाईने विरघळतो. किनाऱ्याजवळच्या घरांचे गज आणि सायकली किती लवकर गंजतात, हे आपणांस सांगावयास नको. तो खाऱ्या हवेचा प्रताप. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, तर इस्पितळातल्या सलाईनच्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. म्हणजे शरीरातही एक सौम्य समुद्र आहेच, आणि त्यात मॅग्नेशियम टिकणे कठीण. शिवाय एक ग्रॅम मॅग्नेशियम विरघळताना सुमारे लिटरभर हायड्रोजन वायू सुटतो.

ह्याचा कटु अनुभव बेल्जियमचे शल्यविशारद आल्बिन लाम्बोत यांना 1906 च्या सुमारास आला. एका 17 वर्षांच्या मुलाच्या पायात त्यांनी मॅग्नेशियमची पट्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसविली. आठ दिवसांतच पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. दोन भिन्न धातू खाऱ्या द्रवात एकत्र आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात दुबळा धातू झपाट्याने झिजतो. लाम्बोत खचले नाहीत. पुढे त्यांनी व त्यांचे शिष्य व्हेरब्रुग यांनी दुसऱ्या धातूंचा संसर्ग टाळून लहान मुलांच्या अस्थिभंगांत यश मिळविले. परंतु त्या काळी धातू पुरेसा शुद्ध करता येत नव्हता. पुढे न गंजणारे पोलाद आले आणि मॅग्नेशियम मागे पडले.

मधल्या शतकाने शुद्धीकरणाची व मिश्रणाची विद्या दिली. 2013 साली मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या एका जर्मन स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. 2016 साली हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याच्या विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या जाळीलाही ती मिळाली. लोखंडाची अडचण नेमकी उलटी: ते बळकट, पण शरीरात फारच सावकाश झिजते. जस्ताचा वेग ह्या दोहोंच्या मधला, परंतु शुद्ध जस्त नरम. म्हणून मिश्रणे करून पाहावी लागतात. हैदराबादच्या ए.आर.सी.आय. ह्या संशोधन केंद्राने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या सहकार्याने लोखंड व मँगनीज यांची अशी मिश्रधातू तयार केली आहे. तीत मँगनीजचे प्रमाण शेकडा 29 हून अधिक असल्याने ती चुंबकाकडे ओढली जात नाही आणि एम.आर.आय. तपासणीला अडथळा होत नाही. मँगनीजच्या खाणी आपल्याच राज्यात, नागपूर व भंडारा जिल्ह्यांत आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

आता एक इशारा. विरघळते ते सर्व चांगलेच, असे समजू नये. विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची हृदयासाठी केलेली एक नामांकित जाळी 2017 साली बाजारातून मागे घेण्यात आली, कारण जुन्या धातूच्या जाळ्यांच्या तुलनेत तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. मॅग्नेशियमचे स्क्रूही मुख्यतः पायाच्या अंगठ्यासारख्या लहान हाडांसाठी वापरले गेले आहेत. साऱ्या देहाचा भार पेलणाऱ्या मांडीच्या हाडाला आजही पोलाद वा टायटॅनियमच हवे. आधार हाडाच्या आधी गळाला तर अनर्थ, आणि हाड सांधून गेल्यावर वर्षानुवर्षे राहिला तर विरघळण्याचा लाभच नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास डॉक्टरांना निर्भयपणे विचारावे: कोणता धातू बसविणार? तो पुढे काढावा लागेल काय? काढावयाचा तर केव्हा? धातूचे नाव लिहिलेला कागद घरच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा. प्रौढ माणसाला धातूचा काही त्रास नसेल तर तो काढलाच पाहिजे असे नाही; पण मुलांच्या बाबतीत सांगितलेली तारीख चुकवू नये. पैशाअभावी ती तारीख टळत असेल, तर अशा वेळी ज्ञातीने त्या घराच्या पाठीशी उभे राहावे.

आणि आपल्या तरुणांना सांगावयाचे ते असे. येथून फार दूर नसलेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धातुशास्त्र आणि जैवअभियांत्रिकी असे दोन्ही विभाग आहेत. लाम्बोत यांना न सुटलेले कोडे अजून पुरते सुटलेले नाही. खाऱ्या हवेत लोखंड कसे झिजते, हे लहानपणापासून पाहत आलेल्या गावच्या मुलामुलींनी त्यात हात घालावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.