जुना लॅपटॉप, हलका एडिटर



तळेरे, वैभववाडी, कणकवली या भागातली कितीतरी मुलं आज घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकतात. हाताशी असतो तो बहुधा थोरल्या भावाचा किंवा ताईचा, चार जीबी रॅमचा लॅपटॉप. एडिटर उघडता उघडत नाही, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. मग घरात विषय निघतो, गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जाऊ आणि नवा लॅपटॉप घेऊ. माझं म्हणणं, जरा थांबा.

यातले बहुतेक जण व्हीएस कोड वापरतात. 2015 साली आलेला हा एडिटर इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझरच असतो. बरीच रॅम तिथेच जाते. त्यावर आपण व्हिडिओत दिसेल ते एक्स्टेन्शन चढवतो. जी भाषा कधी लिहीत नाही, तिचंसुद्धा!

आधी दुखणं कुठलं ते शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबा, 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' निवडा. एडिटर निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करतो आणि विचारतो, त्रास थांबला का? तुमच्या उत्तराप्रमाणे संशयितांचे पुन्हा दोन भाग होतात. 32 एक्स्टेन्शन्स असली तरी पाच-सहा फेऱ्यांत दोषी हाती लागतं. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण ती अंदाजाने काही काढू देत नाही.

चुकीखाली लाल रेघ मारणारं, तुमच्या भाषेचं एक्स्टेन्शन मात्र ठेवा. ते जड असतं, पण शिकणाऱ्याला त्याचाच आधार. उजवीकडचा मिनिमॅप खुशाल बंद करा. आणि अख्खा डेस्कटॉप एडिटरमध्ये उघडू नका, फक्त चालू प्रकल्पाचा फोल्डर उघडा. एडिटर उघडलेल्या फोल्डरमधल्या फायलींवर सतत नजर ठेवतो, त्यातही वेळ जातो. पायथन लिहिणाऱ्यांनी आपला 'व्हीएन्व्ह' फोल्डर 'वॉचर एक्सक्लूड' या सेटिंगमध्ये घालावा.

प्रोसेसरवरचा भार कमी झाला की बॅटरीही जास्त टिकते. पावसाळ्यात वीज गेल्यावर आपल्याकडे याची किंमत कळते.

एवढं करूनही भागलं नाही, तर नोटपॅड प्लस प्लस किंवा जीनी हा हलका एडिटर वापरा. ब्रॅम मूलेनार यांनी 1991 मध्ये आणलेला विम तर आजही जुन्यात जुन्या यंत्रावर चटकन उघडतो, मात्र तो शिकायला चिकाटी लागते.

पालकांनो, लॅपटॉपसाठी कर्ज काढण्याआधी मुलांना यासाठी एक संध्याकाळ द्या.