एस्प्लनेड हाउस: उद्योगपतीचा वाडा

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचा आवाज रोजचाच आहे. आज थोडं मुंबईकडे वळू या, एका उद्योगपतीच्या घराकडे.

फोर्ट भागात, आझाद मैदानाजवळ एस्प्लनेड हाउस उभं आहे. जमशेटजी टाटांनी ते 1887 च्या सुमारास बांधलं. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल 1877 पासून सुरू होती आणि मुंबईत व्हिक्टोरियन वास्तुशैलीचा तो बहराचा काळ होता.

मला या घराचं मोल दगडी कमानींहूनही एका पत्रामुळे अधिक वाटतं. 23 नोव्हेंबर 1898 रोजी जमशेटजींनी याच पत्त्यावरून स्वामी विवेकानंदांना लिहिलं. 1893 मध्ये जपानहून अमेरिकेला जाताना दोघे एकाच जहाजावर होते. त्या भेटीची आठवण देत जमशेटजींनी विज्ञान संशोधन संस्थेच्या योजनेसाठी स्वामीजींची साथ मागितली. ती संस्था 1909 मध्ये बंगळूरला उभी राहिली. जमशेटजी 1904 मध्येच गेले होते.

पुढे ही वास्तू आर. डी. सेठना विश्वस्त निधीकडे आली. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी तिचा जीर्णोद्धार केला.

अशा कामात घाई घातक ठरते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. चुना ती ओल बाहेर सोडतो. सांगली-मिरजेत कुणी जुना वाडा दुरुस्त करत असेल, तर गवंड्याशी बोलताना आधी चुन्याची चौकशी करावी.