गर्भातील जीव आणि कॅथलिक धर्मशिकवण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शेजाऱ्याचा धर्म आपण बहुधा ऐकीव माहितीवर ओळखतो. ‘कॅथलिकांना गर्भपात मान्य नाही’ हे एक वाक्य सर्वांना ठाऊक असते, आणि ते खरेही आहे. परंतु त्यामागे विचार कोणता आणि कठीण प्रसंगी तो माणसाला कुठे नेऊन उभा करतो, हे फारसे कोणी सांगत नाही. मोठ्या वर्गातील मुलींनीही आज बसावे असा आग्रह मी मुद्दाम धरला. ज्या विषयाचा भार त्यांच्यावर पडतो, त्याची चर्चा त्यांना बाहेर पाठवून करण्यात काय अर्थ?

मनाई फार जुनी आहे. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील ‘दिदाखे’ नावाच्या ग्रीक पुस्तिकेत गर्भपात आणि नवजात बालकाची हत्या एकत्रच निषिद्ध ठरविली आहेत. नको असलेले मूल उघड्यावर टाकून देण्याची चाल तेव्हाच्या रोमन जगात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

मात्र गर्भात आत्मा केव्हा येतो, ह्याविषयी चर्चमध्ये शतकानुशतके एकमत नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलने मुलग्याच्या गर्भासाठी चाळीस दिवस धरले आणि मुलीच्या गर्भासाठी नव्वद. (तिथेही मुलीला ताटकळत ठेवलेच!) तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस ह्यांनी अ‍ॅरिस्टॉटलबरोबर आपल्या इब्न सीनाचाही अभ्यास केला होता. मानवी आत्मा गर्भात काही काळाने येतो, असेच त्यांचे मत होते. म्हणून आरंभीचा गर्भपात त्यांच्या दृष्टीने पाप होता, पण मनुष्यवध नव्हता. एकशेवीस दिवसांची चर्चा आपल्या फिकहमध्ये ज्यांनी वाचली असेल, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी १५८८ मध्ये कोणत्याही महिन्यातील गर्भपाताला मनुष्यवधाची शिक्षा लावली. तीनच वर्षांनी, १५९१ मध्ये, पुढच्या एका पोपने ती सौम्य केली. शिक्षेपुरता हा महिन्यांचा भेद १८६९ मध्ये पोप पायस नववे ह्यांनी काढून टाकला.

आता प्रश्न असा, की आत्म्याची वेळच निश्चित नाही, तर पहिल्या दिवसापासून मनाई कशासाठी? ह्याचे उत्तर रोमहून १९७४ मध्ये निघालेल्या एका घोषणापत्रात आहे. आत्मा कोणत्या क्षणी येतो हा वाद त्यात सोडविलेलाच नाही. संशय असला तरी मनुष्यहत्येचा धोका पत्करता येत नाही, असे त्याचे म्हणणे. इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत असेल अशी शंका असेपर्यंत आपण त्यावर बुलडोझर चालवीत नाही, तसेच हे. जीव ही ईश्वराची अमानत आहे. तिचा मालक ना बाप, ना आई, ना सरकार. ह्याच धाग्याने चर्च इच्छामरणालाही विरोध करते, आणि २०१८ पासून फाशीची शिक्षाही अमान्य मानते.

परंतु आईचाच जीव धोक्यात असेल तर? इथे शिकवणीत एक बारीक भेद आहे. आईच्या आजारावरचा उपचार करताना गर्भ जाणार हे दिसत असले, तरी तो उपचार करता येतो; उदाहरणार्थ, गर्भाशयाला कर्करोग झाला असता गर्भाशय काढणे. मात्र गर्भाला मारणे हाच उपाय म्हणून योजता येत नाही, आईला वाचविण्यासाठीदेखील नाही. मला स्वतःला हा भेद पुस्तकात समजतो. रुग्णाच्या खाटेपाशी तो कसा पाळावा हे सांगणे अवघड वाटते.

ते किती अवघड, हे आयर्लंडमध्ये २०१२ साली दिसले. त्या देशाने १९८३ मध्ये जनमताने राज्यघटनेत गर्भाला आणि आईला जगण्याचा समान हक्क दिला होता. आपल्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार तिथे राहत होत्या. सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले. त्यांनी गर्भपाताची मागणी केली, पण गर्भाचे ठोके चालू असल्याने ती नाकारली गेली. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रकृतीवर नीट लक्ष ठेवले गेले नाही, आणि ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर अवाजवी भर दिला गेला, असे चौकशीत निघाले. पुढच्याच महिन्यात तेथील बिशपांनी निवेदन काढले, की आईपेक्षा गर्भाचा जीव श्रेष्ठ अशी चर्चची शिकवण कधीच नव्हती. निवेदन खोटे नव्हते. पण एकतीस वर्षांची बाई गेली ती गेलीच. २०१८ मध्ये सुमारे ६६ टक्के मतदारांनी ते कलम रद्द केले, आणि त्या मतदारांत असंख्य कॅथलिक होते.

जाणूनबुजून गर्भपात करणाऱ्यावर चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कार येतो. पूर्वी अनेक ठिकाणी त्याची क्षमा बिशपच्या परवानगीशिवाय मिळत नसे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ मध्ये ती देण्याचा अधिकार प्रत्येक धर्मगुरूला कायमचा दिला. आणखी एक गोष्ट पालकांनी, विशेषतः वडील मंडळींनी ऐकावी. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९५ मध्ये ह्या विषयावर जे परिपत्रक काढले, त्यात दोष एकट्या बाईच्या पदरी टाकलेला नाही. दबाव आणणारा किंवा तिला एकटी सोडून देणारा बाप, घरची माणसे, डॉक्टर, कायदे करणारे ह्या सर्वांची नावे त्यात आहेत. मनाई सर्वांना पाठ असते. हा परिच्छेद मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवितो.

भारतात १९७१ चा कायदा, २०२१ मध्ये दुरुस्त झालेला, ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी देतो. त्यासंबंधीचे प्रश्न आपल्या पाहुण्या डॉक्टरीणबाईंना विचारावेत. त्या व्यासपीठावर बसलेल्याच आहेत.