विंधन विहिरीच्या पाण्यातील फ्लोराईड : ओळख व उपाय



विंधन विहिरीचे पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, त्यात डाळ लवकर शिजते, म्हणजे ते पिण्यास उत्तम, असे आपण धरून चालतो. परंतु पाण्यातील फ्लोराईडला रंग नाही, वास नाही आणि चवही जाणवत नाही. म्हणून या घटकाची माहिती करून घेणे गरजेचे आहे.

फ्लोरीन या मूलद्रव्याच्या कॅल्शियम, सोडियम इत्यादींशी होणाऱ्या संयुगांना फ्लोराईड म्हणतात. फ्लोराईट, अ‍ॅपेटाईट, अभ्रक या खनिजांत ते असते. अशी खनिजे असलेल्या खडकात पाणी दीर्घकाळ साठून राहिले की फ्लोराईड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असेल, तर ते अधिक विरघळते. म्हणजे डाळ लवकर शिजवणारे मऊ पाणी निर्धोक असेलच असे नाही. एकाच गावात उथळ विहिरीचे पाणी चांगले आणि खोल विंधन विहिरीचे बाधित, असेही आढळते. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत ही समस्या आहे.

फ्लोराईड मुळातच वाईट नाही. अल्प प्रमाणात ते दातांना किडीपासून वाचवते, म्हणूनच टूथपेस्टमध्ये वापरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराईडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे वा तपकिरी पट्टे उमटतात. पुढे सांधे दुखतात, कंबर व मान आखडते आणि हाडे वाकडी होऊ शकतात. दातांचे पट्टे व हाडांची विकृती औषधाने पूर्ववत होत नाही. पक्के दात हिरडीत घडत असतात ते वय, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंतचे, सर्वांत जपण्याचे आहे.

पाणी उकळून फ्लोराईड जात नाही; उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. कापडाने गाळूनही उपयोग नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर यांच्या साहाय्याने फ्लोराईड गाळात बसवतात. मात्र तुरटी व चुन्याचे माप पाण्याच्या तपासणीवरूनच ठरवावे लागते. नुसती तुरटी फिरवणे पुरेसे नाही.

मग बाधित विंधन विहीर बंद करायची का? नाही. आपल्याकडील विम्लधर्मी, चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत फ्लोराईड बहुतांशी बांधले जाते, त्यामुळे बहुतेक पिकांना त्याचा त्रास होत नाही. ग्लॅडिओलससारख्या संवेदनशील फुलपिकाची मात्र पाने शेंड्याकडून करपतात. थोडक्यात, ते पाणी इतर पिकांना द्यावे. पिण्यास व स्वयंपाकास उथळ विहिरीचे तपासलेले किंवा छतावरून साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरावे. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसते.

जनावरांनाही हा विकार होतो. दात झिजतात, चारा नीट चावता येत नाही, जनावर लंगडते. त्यांच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट वा सुपर फॉस्फेट खत कदापि चारू नये, कारण त्यात फ्लोरीन असते. प्रमाणित खनिज मिश्रणच द्यावे.

आहारात दूध, नाचणी, शेवग्याची पाने, आवळा, लिंबू असावे. कॅल्शियम व क जीवनसत्त्व मिळाल्यास दुष्परिणाम कमी होण्यास मदत होते. पण चांगल्या पाण्याला तो पर्याय नव्हे.

येत्या आठवड्यात एवढे करावे. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी, त्यावर गाव व स्रोताचे नाव लिहावे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावी. फ्लोराईडची तपासणी हवी, असे स्पष्ट सांगावे. माती परीक्षणाशिवाय आपण खत देत नाही. मग परीक्षणाशिवाय लेकरांना पाणी का द्यावे?