सामाईक तिजोरी आणि वऱ्हाडचा हिशेब



सत्तावीस राष्ट्रांचा युरोपीय संघ आपली सामाईक तिजोरी कशी भरतो, हा विषय वऱ्हाडात मांडताना मला परकेपणा वाटत नाही. तिकडे आज जो वाद रंगतो, तो आपल्या पणजोबांना तोंडपाठ होता.

१८५३ च्या तहाने निजामाकडील फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. खर्च भागून उरेल ती शिल्लक निजामाला मिळायची. पण खर्च लिहिणारा हात इंग्रजांचा! १९०२ मध्ये कर्झनने ही कटकटच मिटविली. सालीना २५ लाख रुपये खंड, तोही कायमचा. पुढल्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि नवी तक्रार सुरू झाली: काळ्या जमिनीचा सारा आमचा, खर्च मात्र नर्मदेकाठी.

आता युरोपकडे पाहू. तिथे मुख्य वाटा चार. बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात संघाची. वसूल करणारे राष्ट्र आपल्या श्रमापोटी शेकडा २५ ठेवून घेते. दुसरी वाट मूल्यवर्धित कराची. त्याच्या पायावर शेकडा ०.३. तिसरी २०२१ पासूनची: वेष्टनाच्या ज्या प्लास्टिकचा पुनर्वापर होत नाही, त्यावर किलोमागे ८० सेंट. (आपल्या नगरपालिकांनी ऐकून ठेवावे!) चौथी म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी. ही १९८८ मध्ये उरलेली तूट भरण्यासाठी काढली; आज निम्म्याहून अधिक भार तीच वाहते.

भांडण होते ते या वर्गणीवरून. जकातीबद्दल कोणी फारसे कुरकुरत नाही. वर्गणी मात्र देशाच्या नावाने वहीत चढते, आणि मग ‘दिले किती, मिळाले किती’ हा हिशेब निघतो. थॅचरबाईंनी १९८४ मध्ये या दोहोंतल्या तफावतीची सुमारे दोन तृतीयांश सूट मिळविली. ब्रिटन अखेर २०२० मध्ये बाहेर पडलेच.

पण हा हिशेब खरा आहे का? जर्मनीला जाणारा माल रॉटरडॅम बंदरात उतरतो. जकात डच खात्यात वसूल होते, भार मात्र जर्मन गिऱ्हाईक सोसतो. मग ते पैसे कोणी दिले?

हाच प्रश्न आपल्या घरचा आहे. दर्यापूरच्या बाईने साबणाची वडी घेतली. कंपनीची राज्यातली नोंदणी मुंबईची असेल, तर त्या वडीवरचा कर मुंबईत भरला जातो. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने, जिथे माल खपतो त्या राज्याला कर, असे ठरविले खरे. पण राज्याच्या आत जिल्ह्याजिल्ह्यांत ही वाटणी होत नाही. मग कोणी आकडे दाखवून म्हणतो, ‘मुंबई विदर्भाला पोसते.’ आणि आपणही एके काळी नर्मदेकडे बोट दाखवून नेमके हेच म्हणत होतो, हे सोयीस्करपणे विसरतो!

१९५३ च्या नागपूर कराराने शहाणी वाट धरली होती. खर्च वसुलीच्या प्रमाणात नव्हे, लोकसंख्येच्या प्रमाणात. ते कितपत पाळले गेले, हे मोजायला दांडेकर समिती बसली. १९८४ च्या तिच्या अहवालात सिंचन, रस्ते, शिक्षण यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे, हे मांडले आहे. कोणत्या जिल्ह्याने कर किती भरला, याचा रकाना त्या मोजणीत तिने ठेवलाच नाही.